पक्षी पाहायला पर्यटक आले, नावाड्याला काय मिळाले? : ‘अमृत धरोहर’ योजनेचे विश्लेषण

ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी मंगलाजोडी हे गाव आहे. पूर्वी येथील अनेक जण पाणपक्षी मारून विकत असत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा गुन्हा आहे. पण हाताला दुसरे काम नव्हते. पुढे स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने शिकार सोडलेल्यांनी पक्षी-रक्षणाची समिती स्थापन केली. पक्षी नेमके कुठे बसतात हे त्यांना आधीच ठाऊक होते. आज तेच ज्ञान पर्यटकांना पक्षी दाखवण्यासाठी उपयोगी पडते.

योजनेत काय आहे?
केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ‘अमृत धरोहर’ योजना तीन वर्षांसाठी जाहीर झाली. रामसर यादीतील पाणथळ जागा जपणे आणि त्यातून स्थानिकांना उत्पन्न मिळवून देणे हा तिचा उद्देश आहे. योजनेअंतर्गत नावाड्यांना ‘पर्यटन नाविक’ आणि इतर स्थानिकांना निसर्ग-मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण दिले जाते. त्यासाठी प्राधान्याने निवडलेल्या पाच ठिकाणांत चिल्का आणि भितरकनिका आहेत. महाराष्ट्रातील एकही ठिकाण नाही.

काय मिळत नाही?
प्रशिक्षण म्हणजे नोकरी किंवा दरमहा मानधन नव्हे. स्थलांतरित पक्षी साधारण नोव्हेंबर ते मार्च असतात. उरलेले महिने मासेमारी, शेती किंवा मजुरीवरच काढावे लागतात. म्हणून हे उत्पन्न जोड-उत्पन्न समजावे. प्रमाणपत्राच्या भरवशावर कर्ज काढून इंजिनाची नाव घेऊ नये. इंजिनाच्या आवाजाने पक्षी उडतात. मंगलाजोडीत नाव बांबूने ढकलतात.

गट का हवा?
प्रत्येकाने स्वतंत्र नाव लावली, तर गिऱ्हाईक ओढण्यासाठी दर पडतात आणि नावा पक्ष्यांच्या फार जवळ जातात. पक्षी गेले की पर्यटकही जातात. गटाने ठरवलेला एक दर, नावांची पाळी आणि पक्ष्यांपासून अंतर यातच सर्वांचे हित आहे.

तुम्ही काय करावे?
ठाणे खाडी, नांदूर मधमेश्वर आणि लोणार ही महाराष्ट्रातील रामसर स्थळे आहेत. आपण अशा ठिकाणाजवळ राहत असाल, तर वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात तीन गोष्टी विचारा : सध्या प्रशिक्षण सुरू आहे का, नाव चालवण्यास कोणाची परवानगी लागते आणि तिकिटाच्या पैशांतला किती वाटा नावाड्याला मिळतो. तिसरा प्रश्न विचारायला संकोच करू नका. कमाई त्यावरच ठरते.