शाळेची खुर्ची कुणाच्या बापाची?



आपल्या वस्तीतली पोरं ज्या शाळेत जातात त्या शाळेवर हुकूम कुणाचा? हेडमास्तरचा? नगरसेवकाचा? की वर बसलेल्या शिक्षणाधिकाऱ्याचा?

कायदा म्हणतो, पालकांचा. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं २१ वं कलम काढून वाचा. सरकारी, महापालिकेच्या, अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात किमान पाऊण माणसं पालक. निम्म्या बाया. आणि वंचित, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. ही कुणाची मेहेरबानी नाही.

आता वस्तीत जाऊन विचारा, समितीत कोण आहे? मी विचारत फिरतो. उत्तर ठरलेलं : 'सरांनी सही मागितली, दिली.' कशावर दिली? ठाऊक नाही. धुणीभांडी करणारी माय, नाक्यावर उभा राहणारा बाप, कंत्राटी सफाई कामगार, यांची नावं रजिस्टरात; आणि निर्णय टेबलावर आधीच शिजलेला. सभा ठेवायची सकाळी अकराला. अकराला कुठली कामकरी बाई मोकळी असते? ती आली नाही की स्टाफरूममध्ये चहा ढोसत म्हणायचं, 'ह्या लोकांना शिक्षणाचं काही पडलेलंच नाही.' हे वाक्य मनूचंच आहे. फक्त आता ते बी.एड. होऊन आलंय.

पडलेलं नाही? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेच्या दारात एका महार पोरानं प्रवेशाचा अर्ज ठेवला. त्याला हाकलला. पिढ्यान्‌पिढ्यांचा पूर्वग्रह एका पोरासाठी मोडता येत नाही, असा सरकारचा सूर. दार आम्ही ठोठावत होतो, कडी आतून लावलेली होती. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं सांगितलं, की शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गातून आले पाहिजेत, जे लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. आजच्या शिक्षकानं शाळेचं कंपाउंड ओलांडून आमच्या गल्लीत पाय ठेवला तर तेवढ्यानंही जोतीरावांचं अर्धं काम होईल.

आणि घरची माणसं शाळा उभी करतात म्हणजे काय, तेही बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह काढलं. ते नुसत्या देणग्यांवर चाललं नाही. मुष्टिफंड होता. घराघरातली बाई दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायची. मूठ तिची, म्हणून शाळा तिची. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं, तेव्हाही आपली माणसं कुणाची वाट बघत बसली नव्हती.

मग आता करायचं काय? भाषणं पुष्कळ झाली. कार्यक्रम असा :

एक. समितीची निवड होण्याआधी वस्तीत आपली सभा घ्या. कोण उभं राहणार ते आपण ठरवा. बायांना पुढं करा. पोराची वही त्याच उघडून बघतात.

दोन. सभेची वेळ कामकऱ्याची पाहिजे. रविवारी, नाहीतर रात्री. लेखी मागा, पोच घ्या.

तीन. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. ज्याला वाचता येतं त्यानं शेजारच्या मावशीला वाचून दाखवायचं. आपल्या कॉलेजच्या डिग्रीचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

चार. कलम २२ प्रमाणं शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा आहे. संडासाला पाणी आहे का, किती शिक्षक कमी आहेत, अनुदान आलं किती, गेलं कुठं, हे सगळं त्यात आणा. हिशेब दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका.

पाच. खिचडीच्या वेळी जाऊन बसा. पोरं कुठं बसतात, ताट कुणाला शेवटी मिळतं, झाडू कुणाच्या हातात दिला जातो, डोळे उघडे ठेवून बघा. पोरावर हात उचलला किंवा जातीवरून टोमणा मारला, तर कलम १७ दाखवा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे.

चांगल्या हेडमास्तरांशी आमचं भांडण नाही. त्यातले कित्येक आपल्यातलेच, पहिल्या पिढीत शिकलेले. त्यांना सांगणं एवढंच : पालकांना नियमित भेटणं हे कलम २४ नं घातलेलं कर्तव्य आहे. पोर दोन दिवस आलं नाही तर नोटीस धाडू नका, घरी या. बापाला फक्त तक्रारीसाठी बोलावू नका; पोराचं अक्षर सुधारलं तेव्हाही बोलवा. ज्या बापाला शाळेनं आयुष्यभर फक्त अपमान दिला, तो त्या दारात एका चिठ्ठीनं येत नसतो.

घाई का? २०२३ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूह शाळांची हालचाल सुरू केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना २५ टक्के जागांतून मोकळं केलं. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. लढले म्हणून राहिलं. जिथं समिती फक्त कागदावर आहे तिथं शाळेला कुलूप लागताना विरोधाचा ठराव करणार कोण?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतीवर पुष्कळ रंगवलं. आता ते शाळेच्या ठरावबुकात लिहून घ्या. या महिन्यात आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा, समितीच्या सभासदांची यादी मागा. यादीत आपली माय नसेल तर का नाही, ते विचारा.

विचारल्याशिवाय परत फिरू नका.

जय भीम!