खेळाचा संगणक आणि आपले अंथरूण

स्वतःच्या हाताने जुळवलेला गेमिंग संगणक ही आपल्या महाविद्यालयात आजकाल मोटारसायकलच्या खालोखाल प्रतिष्ठेची वस्तू होऊन बसली आहे. वडीलधारी मंडळी तिच्यावर नाराज आहेत ती खेळापायी. माझी तक्रार निराळी आहे. खेळावे, अवश्य खेळावे. पण घरातून मोठ्या मिनतवारीने मिळालेले चाळीस-पन्नास हजार रुपये आमचे मित्र ज्या क्रमाने खर्च करतात, तो क्रमच मला उलटा वाटतो. आधी काचेचे कॅबिनेट, मग त्यातले रंगीत दिवे, मग नावाजलेला प्रोसेसर, आणि उरल्यासुरल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड व एसएमपीएस!

वास्तविक सुरुवात मॉनिटरपासून करावी. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-के मॉनिटरवर त्याच्या चौपट. हे ठिपके रंगवण्याचे काम कार्डाचे. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवणारा असेल, तर कार्डाने दीडशे काढली तरी डोळ्यांना साठच मिळणार. मग घरच्या साध्या मॉनिटरसाठी चाळीस हजारांचे कार्ड कशाला?

२०२४ साली मी जुळणी केली तेव्हा मॉनिटर सोडून पन्नास हजारांचा हिशेब होता. त्यातले एकवीस हजार रेडिऑन आरएक्स ६६०० या आठ जीबीच्या कार्डाला गेले आणि साडेदहा हजार रायझन ५ ५६०० या प्रोसेसरला. मित्रांना हे प्रमाण विषम वाटले. मला अजूनही तेच योग्य वाटते. बहुतेक खेळांत ओझे कार्डावर पडते, सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो. शिवाय २०१७ पासून रायझन ज्या एएम४ सॉकेटमध्ये बसत आले तेच हे सॉकेट, त्यामुळे मदरबोर्ड स्वस्तात मिळाला. फक्त जुन्या साठ्यातला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखेलच असे नाही. बायोस दुकानातच अद्ययावत करून मागावे. मी भाव विचारायला बेंगळूरच्या एस. पी. रोडवर गेलो तेव्हा आपल्या कन्नड विभागातला मित्र बरोबर होता. हे बायोसचे त्यानेच दुकानदाराकडून काढून घेतले. मराठी-हिंदीत विचारताना मला फक्त ‘चालेल, चालेल’ एवढेच उत्तर मिळत होते.

नावावर भुलू नये, हे मात्र कोणी सांगत नाही. जीटी १०३० या कार्डाचेच पाहा. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरीसह निघाले; २०१८ साली त्याच नावाने साध्या डीडीआर४ मेमरीचे दुसरे आले. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, दुसऱ्याची १७ सुद्धा नाही. खोक्यावरचे नाव तेच! बारीक अक्षरे वाचली नाहीत तर तांदळाच्या भावात कणी पदरात पडते.

पण सर्वांत मोठा अन्याय होतो तो एसएमपीएसवर. माझ्या एका वर्गमित्राने बाराशे रुपये वाचवण्यासाठी बिननावाचा घेतला. पहिल्याच पावसाळ्यात वीज दोनदा गेली-आली, आणि तो जाताना मदरबोर्ड व डिस्क यांनाही घेऊन गेला. डिस्कवर त्याच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता, वडिलांनी पतसंस्थेतून काढलेले कर्ज अजून फिटायचे होते. त्याच्या कॅबिनेटला चार रंगीत पंखे होते, ते तेवढे शाबूत राहिले. दुकानात ‘८० प्लस’ची मोहोर दाखवतात, पण ती वीज किती वाया जाते एवढेच सांगते, आतल्या संरक्षणाची हमी ती देत नाही. तेव्हा हमीपत्राची वर्षे पाहावीत आणि जाणकाराला विचारावे.

जुन्या कार्डांविषयीही थोडे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात ओतली गेली. ती टाकाऊच असतात असे नाही; पण डोळ्यांसमोर अर्धा तास जड खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ज्याच्याजवळ तीसच हजार आहेत त्याने हिरमुसू नये. आतच ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घ्यावा, आणि मेमरीची एक मोठी पट्टी न घेता आठ-आठ जीबीच्या दोन घ्याव्यात. असे ग्राफिक्स मुख्य मेमरीवरच चालते, आणि दोन पट्ट्यांनी तिची वाट रुंद होते. कार्ड मागाहून येईल.

मी स्वतः चार स्लॉटचा बोर्ड मुद्दाम घेतला होता; दोन पुढच्या वर्षासाठी रिकामे ठेवले. तोच २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव असे भडकले, की माझी साडेतीन हजारांची जोडी मलाच पुन्हा परवडेना. ते दोन स्लॉट अजून रिकामेच आहेत.