दोड्ड साइज इल्ला, अक्का

आपल्या ग्रुपवर सगळे जुन्या आठवणी टाकतात. मी आज आठवणीबरोबर थोडं भांडणही टाकते. राग मानू नका.

दिवाळीच्या आधी लेकीला घेऊन नौबादहून बीदरला कपड्यांना गेले होते. पोरगी पीयूसीला आहे, अंगाने भरलेली, माझ्यासारखीच. दुकानात पाय ठेवला तसा काउंटरवरचा पोरगा तिकडूनच मोठ्याने म्हणाला, "दोड्ड साइज इल्ला, अक्का!" आम्ही अजून काही मागितलंही नव्हतं. सगळ्या गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. लेक हळूच म्हणाली, "आई, चल."

आणि मी काय केलं? रिक्षात बसल्यावर तिलाच म्हणाले, "सांगत होते ना, रात्री भात कमी खात जा." त्या पोरापेक्षा माझंच बोलणं तिला जास्त लागलं. घरी येईपर्यंत बोलली नाही.

त्या रात्री आजी आठवली. भालकीकडची, चांगली भक्कम बाई. जन्मभर इरकल नऊवारी नेसली. आठेक मीटर कापड, अंग सुटलं तर निऱ्या दोन कमी, वाळलं तर दोन जास्त. लुगड्याने तिला कधी माप विचारलं नाही. अडायचं ते चोळीला. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा लहान, एका खणात आजीची चोळी बसायचीच नाही. मग शिंपीकाका बगलेत दुसऱ्या कापडाची कळी घालायचे आणि शिवणीत दोन बोटं माया ठेवायचे. बाळंतपणानंतर टीप उसवली की तीच चोळी परत अंगात. काका म्हणायचे, "खण कमी पडला, वहिनी." अंग जास्त झालं, असं कधी म्हणाले नाहीत.

रेडिमेडच्या आत ही माया नसते. एका कंपनीचा एक्सएल दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा. 'फ्री साइज' लिहिलेलं तर बघूच नका! आपल्या देशाच्या अंगाचं आपलं माप व्हावं म्हणून निफ्टने २०१८ साली इंडियासाइजची घोषणा केली. सहा शहरांत पंचवीस हजार माणसांची मापं घ्यायची, त्यात आपल्या जवळचं हैदराबादही. म्हणजे तोवर आपण परक्या मापातच अंग कोंबत होतो, आणि दोष मात्र अंगाला!

दुकानदार म्हणतात, मोठ्या मापाचा माल जात नाही. ठेवलाच नाही तर जाईल कसा? आपल्याच बायका हैदराबादहून आणतात, फोनवर मागवतात, ते कुठून होतं मग? आणि ठेवला तरी काळा नाहीतर चॉकलेटी, वर मोठाली फुलं. सतरा वर्षांच्या पोरीने ते का घालावं? वजनाचं काय ते डॉक्टर बघतील. कपडा आज लागतो.

शेवटी कापड घेऊन गल्लीतल्या टेलरकडे गेलो. लेकीने पोपटी रंग निवडला, खिसा सांगितला. मी फक्त माया ठेवायला सांगितली. पाडव्याला तिने तो घातला आणि स्वतःहून फोटो काढायला उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्या दुकानात मी संक्रांतीला परत जाणार आहे, आणि मोठ्याने मागणार आहे. उदगीर, भालकी, बसवकल्याणकडे आमच्या मापाचं नीट दुकान कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. रंगीत माल ठेवणारं सांगा हां.