वाहनतळ कोणाला विचारून?

हुबळीच्या कोर्ट सर्कलपाशी स्मार्ट सिटी योजनेतून बहुमजली वाहनतळ उभारण्याचा घाट घातला गेला, त्याला बरीच वर्षे लोटली. मुदतीमागून मुदती उलटल्या, आणि शहरात त्याविषयी जी चर्चा झाली ती मुख्यतः दिरंगाईचीच. काम पुरे केव्हा होणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. असली कामे ठरतात तेव्हा त्या वस्तीला विचारतो कोण?

तारखा पाहाव्यात. हुबळी-धारवाडची या योजनेसाठी निवड झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. कामे सोपविण्यात आली ती एका स्वतंत्र कंपनीकडे. पुढे २०१९ च्या आरंभी महानगरपालिकेच्या सभासदांची मुदत संपली. नवी निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौर निवडला जाण्यास २०२२ चा मे महिना उजाडला. दोन शहरे मिळून १९६२ साली जी महानगरपालिका स्थापन झाली, तिला तीन वर्षांहून अधिक काळ महापौर नव्हता; आणि नेमक्या याच काळात या योजनेची कामे भरात होती. घरासमोर उद्या काय उभे राहणार हे विचारावयाचे तर नागरिकाने दार ठोठवावयाचे कोणाचे? कंपनीला भागधारक असतात, मतदार नसतात.

मुंबईची कथा फारशी वेगळी नाही. तेथे मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. याच काळात वांद्र्याच्या लिंकिंग रोडलगतच्या पटवर्धन उद्यानाखाली भुयारी वाहनतळ करण्याची योजना पुढे आली, रहिवासी रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते. काँक्रीटच्या छतावर चार-पाच फूट माती पसरली म्हणजे हिरवळ उगवेल, पण वडा-पिंपळाचे मूळ तेथे खोल जाणार नाही, की पावसाचे पाणी जमिनीत मुरणार नाही. ज्या सभागृहात हे म्हणणे मांडले जावयाचे ते सभागृहच अस्तित्वात नसल्यावर लोकांनी न्यायालयात जाऊ नये तर काय करावे? सभागृह असले म्हणजे सारे सुरळीत होते असा मात्र आमचा भ्रम नाही. ठाण्यातील गावदेवी मैदानाखालील वाहनतळाचे काम लोकनियुक्त सभागृह असताना सुरू झाले होते. विरोध होऊनही तो झालाच.

वाहनतळाचे गणितही एकदा मांडून पाहावे. एक मोटार उभी करावयास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. चढउताराचे मार्ग आणि वळणे धरली की हीच जागा दुपटीच्या घरात जाते. इतक्या जागेत आपल्याकडे एक कुटुंब संसार थाटते! एवढा खर्च करून मजले उभारावयाचे, आणि खालचा रस्ता मात्र फुकट मोकळा ठेवावयाचा. मग दुकानाच्या दारातच गाडी लावता येत असता चौथ्या मजल्यावर चढण्याची हौस कोणास असणार? आमच्या पणजीत पाटो येथे बहुमजली वाहनतळ आहे, तरी अठरा जून मार्गावर जागेसाठी गाड्यांच्या घिरट्या चालूच असतात. रस्त्यावरील मुक्कामाला दाम आणि शिस्त लावल्यावाचून नुसत्या इमारतीने काही साधत नाही.

आता रहिवाशांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. वाहनतळ आमच्या आळीत नको, ही मागणी आम्ही समजू शकतो. धूर, कर्णे आणि गल्लीच्या तोंडापर्यंत येणारी रांग कोणाला हवी असते? पण विरोधाच्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर मुक्कामाला असतात, याचीही नोंद व्हावी. तळमजल्यावर नकाशात वाहनतळ दाखवावयाचा आणि प्रत्यक्षात तेथे दुकान किंवा गुदाम थाटावयाचे, हा प्रकार तर सर्वच शहरांच्या अंगवळणी पडला आहे. जपानने १९६२ सालीच असा कायदा केला की, गाडी उभी करावयास आपल्यापाशी जागा आहे हे मालकाने दाखवावे. आपल्याकडे कर्ज मिळाले की गाडी दारात येते. दाराचा पत्ता महापालिकेने शोधावयाचा!

हुबळी-धारवाडला तर हा प्रश्न हाताळण्यास एक साधन आधीच लाभले आहे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून दोन शहरांदरम्यान स्वतंत्र मार्गिकेवरून ‘चिगरी’ बसगाड्या धावू लागल्या. चिगरी म्हणजे हरिण. नाव देणाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यावी लागेल. या मार्गापायी झाडांचा बळी गेला, रस्त्याकाठच्या लोकांनी वर्षानुवर्षे धूळ खाल्ली. ज्यासाठी हे सोसले त्या बसथांब्यांपर्यंत गल्लीबोळांतून चालत जाण्यास धड पदपथ व लहान बसची जोड द्यावयाची, की बाजारपेठेच्या मध्यभागी आणखी मोटारींना आवतण धाडावयाचे, हे आता निवडून आलेल्या सभागृहाने ठरवावयास हवे.

स्मार्ट सिटी योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. तिने उभारलेल्या आणि अर्धवट सोडलेल्या इमारती महानगरपालिकांच्याच गळ्यात राहणार आहेत. तेव्हा वाहनतळाचे नकाशे, ठेकेदाराशी झालेला करार आणि आकारावयाचे दर प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर कन्नडमध्ये आणि मराठीतही लावावेत, महिनाभर हरकती घ्याव्यात, आणि त्यांची सुनावणी अधिकाऱ्याच्या दालनात न घेता त्याच वस्तीत, संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यावर घ्यावी.