बंबाची शिस्त

परवा वीजबिल पाहून मुलगा म्हणाला, "बाबा, गीझर बदलूया." मी म्हटलं, "आधी सवय बदलून पाहू."

आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. तो पेटला की पाठोपाठ सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या. जळण मोजकं, त्यामुळे शिस्त आपोआप यायची. आता प्रत्येकाची वेळ निराळी आणि गीझरचं बटण सकाळभर चालू. टाकीतलं पाणी निवतं, थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवतो, मीटर पळत राहतं.

मास्तरकीची खोड, म्हणून गणित मांडलं. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला ४०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटमध्ये असतात ८६०. म्हणजे एका आंघोळीला जेमतेम अर्धं युनिट! वर जातं ते आपल्या विसराळूपणाचं बिल. नवा गीझर आणला तरी बटण बंद करायला हात आपलाच लागणार.

खरं सांगू? आमची ही होती तोवर ते बटण न चुकता तीच बंद करायची. ती गेल्यावर कळलं, घरातला सगळ्यात विसराळू माणूस मीच. मुलाला हे अजून बोललो नाही. इथे वाचेलच तो.