घोडा तक्रार करीत नाही, म्हणून

थंडी सुरू झाली की अमिरातीत घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा हंगाम येतो. या खेळाला एन्ड्युरन्स म्हणतात. दुबईत सैह अल सलाम आणि अबुधाबीत अल वथबा येथे त्यासाठी खास जागा आहेत. मोठी शर्यत 160 किलोमीटरची असते आणि एका दिवसात पुरी करावी लागते.

या खेळात नुसते पुढे पळून भागत नाही. शर्यतीचे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात, तो लंगडतो का आणि त्याच्या अंगातले पाणी कमी झाले का, हे तपासतात. नाडी ठरलेल्या वेळात साधारण 64 च्या खाली आली नाही, तर घोडा बाद होतो. शेवटची रेषा सर्वांआधी ओलांडली, तरी ही तपासणी चुकत नाही. आम्हांला हा नियम फार आवडतो. मुक्या प्राण्याच्या वतीने बोलणारा कोणीतरी तिथे असतो.

पण नियम कागदावर असून चालत नाही, तो सर्व देशांत सारखा पाळला गेला पाहिजे. इथल्या सपाट वाळूत घोडे फार वेगाने पळवले जातात. घोड्यांचे हाल आणि नियमभंग यांविषयी तक्रारी वाढल्यावर आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने मार्च 2015 मध्ये अमिरातीच्या संघटनेला निलंबित केले. जुलैमध्ये करार होऊन निलंबन उठले. तरी 2016 ची जागतिक स्पर्धा दुबईहून काढून स्लोव्हाकियातील शामोरीन येथे नेण्यात आली.

"आपण इथे पाहुणे, आपण कशाला बोलायचे?" असे काही पालक म्हणतील. ज्या देशाचे मीठ खातो, त्याच्याविषयी जपून बोलावे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण खरे सांगायचे तर सुधारणेची वाटही याच देशातून निघाली. 2015 मध्येच अबुधाबीतील बूथीब येथे वेगावर ताशी 20 किलोमीटरची मर्यादा घातली गेली आणि उत्तम स्थितीतील घोड्यांना बक्षिसे ठेवली गेली. म्हणजे दोष देशाचा किंवा माणसांच्या जातीचा नसतो. बक्षीस कशाला द्यायचे, हे ठरवणाऱ्यांचा असतो.

चुका दुसरीकडेही होतात. सप्टेंबर 2018 मध्ये अमेरिकेत ट्रायन येथील जागतिक स्पर्धेत सुरुवातीलाच काही स्वारांना चुकीच्या वाटेने पाठवले गेले. शर्यत थांबवून 120 किलोमीटरची नवी सुरू केली, आणि पुढे उष्मा व दमटपणा वाढल्याने तीही रद्द झाली. अनेक वर्षे तयारी करून आलेले स्वार हात हलवत परतले. त्यांच्यावर अन्याय झाला, हे खरे. तरीही शर्यत रद्द करणे योग्यच होते, असे आमचे मत आहे. वाट चुकवली माणसांनी, त्याची भरपाई घोड्यांनी का करावी?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मोठ्या शर्यतीत निरनिराळ्या देशांचे पशुवैद्य असावेत आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा, मग घोडा शेखांचा असो की शेतकऱ्याचा. आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या घोड्याला आपल्यासारखाच पासपोर्ट असतो. त्याची दुखापत आणि सक्तीची विश्रांती कोणत्याही देशात लपता कामा नये. आणि उत्तम स्थितीतील घोड्याचे बक्षीस पहिल्या क्रमांकाइतकेच मोठे असावे. अमेरिकेत 1955 पासून चालत आलेल्या टेव्हिस कप शर्यतीत असा वेगळा मान फार वर्षांपासून दिला जातो.

बैलाच्या खांद्यावर पोळ्याच्या दिवशी जू ठेवत नाहीत, हे आपण वर्गात शिकलो. वर्षातल्या एका दिवसापुरती ती समज पुरेशी नाही. म्हणून मुलांनो, या हंगामात शर्यत पाहायला गेलात, तर शेवटच्या रेषेपाशी गर्दी करू नका. पशुवैद्यांच्या तपासणीपाशी उभे राहा. खरी शर्यत तिथे दिसते.