दिवस गेल्याचं आशाताईपासून लपवू नका
(गावातील सर्व कुटुंबांना जाहीर आवाहन)

पाळी चुकली तरी तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, अशी आपल्याकडची रीत. पेढे खुशाल पाचव्या महिन्यात वाटा. पण आशाताईला त्याच आठवड्यात कळू द्या, कारण दुर्मीळ पण जीवघेणे काही धोके नेमके या गुपचूप महिन्यांत येतात.

शंभरातल्या एक-दोघींचा गर्भ पिशवीत न रुजता बाहेर, बहुतेकदा गर्भनळीत रुजतो. लघवीच्या तपासणीत गर्भ आहे एवढंच कळतं; तो कुठे आहे ते सोनोग्राफीत दिसतं. नळी फुटली की रक्त पोटात साठतं, अंगावरून मात्र थोडंसंच जातं. म्हणून घरच्यांना वाटतं, पाळीच आली. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, घेरी, दरदरून घाम, यातलं काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणत ओवा देत बसू नका. रात्र असली तरी दवाखान्यात निघा. लवकर सापडलं तर काहीजणींचं इंजेक्शनवरही भागतं.

गर्भपाताच्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. रक्त जातं, सुटलो असं वाटतं, आणि आत गर्भ वाढतच राहतो. मेडिकलवाल्या भावांनो, चिठ्ठीशिवाय या गोळ्या देऊ नका.

द्राक्षगर्भ नळीतल्या गर्भाहूनही विरळा. वार द्राक्षाच्या घोसासारखी फुगते, बाळ बहुधा धरतच नाही. उलट्या फार होतात, पोट महिन्यांच्या मानाने मोठं दिसतं. पिशवी साफ केली की संपलं, असं मानून बायका पुढच्या रक्ततपासण्या सोडून देतात, आणि घोळ तिथेच होतो. थोड्याजणींत त्या पेशी पुन्हा वाढतात, क्वचित कर्करोगही होतो. वेळेत कळला तर तो बहुतेक बरा होतो. डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा दिवस राहू देऊ नका. आणि सासूबाई, यात सुनेचा पायगुण काढू नका. तिने काही केलेलं नसतं.

गुपचूप महिने सरले तरी एक धोका उरतो: अवेळी बाळंतपण. ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही’ हे साफ खोटं. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या कामाचा असतो. अवेळी कळा आल्या किंवा पाणी गेलं तर लगेच दवाखाना गाठा. ३४ आठवड्यांआधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळाली तर बाळाच्या फुफ्फुसांना बळ येतं. पण त्यांचा पुरता गुण यायला साधारण दिवसभर लागतो. जन्मानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची असते. हे बापालाही जमतं, लाजू नका.

रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तपासण्या, औषधं, रक्त मोफत आहे. तरीही ऐन वेळी रक्तासाठी धावाधाव होते. तेव्हा तरुणांनो, आपला रक्तगट आणि फोन नंबर या आठवड्यात आशाताईकडे लिहून द्या. निगेटिव्ह गटाच्यांनी सर्वांत आधी.

आपल्या उपकेंद्रातील परिचारिका व आशा